घंटागाडीतली मारबत

लटारूचं पत्र शब्दकोशात होतं. ‘उ’ या अक्षरात, ‘उत्तर’ या शब्दापाशी. तिथं ठेवलं म्हणजे रोज आठवण राहील, अशी गुणवंतरावांची योजना होती. ती इतकी परिणामकारक ठरली की त्या दिवसापासून त्यांनी शब्दकोशच उघडला नाही. एखादा शब्द अडला तर ते बायकोला विचारत, आणि मनकर्णाबाई सातवी शिकलेल्या असल्यामुळे कुठल्याही शब्दाचा अर्थ बेधडक सांगत.

साधं पोस्टकार्ड होतं ते. गेल्या वर्षी पोळा झाल्यावर पाचव्या दिवशी आलेलं. लटारूचं अक्षर नांगरटीसारखं, खोल आणि सरळ:

“गुणवंता, फोनवर तू नुसता हो हो करते, म्हून कागदावर लिहून राह्यलो. तुमच्या गावानं आपली सारी इडापिडा गाडीत भरून आमच्या शिवेत आनून टाकली. गाडीच्या भोंग्यावर तुहं नाव वाजत होतं, ते म्या माह्या कानानं आयकलं. मले येवढंच सांग. हे तू मुद्दाम केलं का चुकून? दोन ओळी लिव. लटारू.”

या गोष्टीला अकरा महिने झाले होते. लटारू बोडीटोल्याचा, म्हणजे तीन किलोमीटरवरचा. पन्नास वर्षांपूर्वी शाळेत दोघं एका बाकावर बसत. तेव्हापासून दर शुक्रवारी बाजार आटोपला की लटारू पिशवी ओट्यावर टेकवून गुणवंतरावांकडे चहा प्यायचा. दोघं फारसं बोलत नसत. गुणवंतराव पुस्तक वाचत आणि लटारू त्यांना वाचताना बघे. पण हे न बोलणं एकट्यानं करता येत नाही, हे गुणवंतरावांना गेल्या अकरा महिन्यांत कळलं होतं. शुक्रवारी मनकर्णाबाई अजून तीन कप मांडायच्या आणि एक परत ठेवायच्या.

आता इडापिडा गाडीत कशी भरली, हे सांगणं भाग आहे. गावाचं नाव तेवढं सांगत नाही. ते नागभीडपासून अर्ध्या तासावर आहे आणि तिथल्या नगरपंचायतीला राग पटकन येतो, एवढं पुरे.

त्या नगरपंचायतीत निकेश नावाचा नवा स्वच्छता निरीक्षक आला. तरुण, मेहनती आणि कचऱ्यावर मनापासून प्रेम करणारा. त्यानं घरोघरी बादल्या वाटल्या: ओल्या कचऱ्याला हिरवी, सुक्याला निळी आणि घातक वस्तूंना लाल डबा. सोबत चौसष्ट पानांची नियमावली. गावानं हिरव्या बादलीत धान भिजवलं, निळीत पाणी भरलं आणि लाल डब्यात मीठ ठेवलं. नियमावली फक्त एका माणसानं वाचली. गुणवंतराव तालुक्याच्या हायस्कुलात तीस वर्षं ग्रंथपाल होते, आणि छापलेली वस्तू न वाचता ठेवणं त्यांना पाप वाटे. त्यांनी ती दोनदा वाचली आणि शुद्धलेखनाच्या चुकांवर पेन्सिलीनं बारीक, नम्र खुणाही केल्या.

बाविसाव्या पानावर ते अडले. ‘घरातील कोणताही कचरा गावाबाहेर, रस्त्याकडेला अथवा शिवेवर टाकता येणार नाही. तो घंटागाडीतच द्यावा.’ आणि पोळा पंधरा दिवसांवर होता.

पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाची फांदी ठेवायची. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना ती फांदी, झिजलेली झाडणी, फुटकं सूप असं सगळं घेऊन “खासी-खोकला, इडापिडा घेऊन जा गे मारबत!” असं ओरडत शिवेपर्यंत जायचं, पलीकडे फेकायचं आणि मागे न बघता घरी यायचं. आजवर हे कुणी कचऱ्यात धरलं नव्हतं. पण नियमावलीत तर ‘कोणताही’ असं होतं, आणि तो शब्द जाड ठशात होता.

समाजमंदिरात सभा झाली तेव्हा गुणवंतराव उठले. सभेत उठून बोलायची ही त्यांची आयुष्यातली पहिली वेळ. नियमावली छातीशी धरून ते म्हणाले, “मारबतीचं काय करायचं?”

निकेश गोंधळला. तो दर्यापूरकडचा, तिकडे ही रीत नाही. शेजारच्या गुणाबाईंनी त्याला मारबत समजावून सांगितली, तेही हातवारे करून आणि खोकून. निकेश म्हणाला, “सर, नियमावली तुम्हीच वाचली आहे. तुम्हीच लिहून द्या, मी अंमल करतो.”

गुणवंतरावांनी तिथंच चिठ्ठी लिहिली: ‘पळसाच्या फांद्या ओल्यात, झाडण्या-सुपं सुक्यात. सर्व घंटागाडीत द्यावे.’ लिहिताना त्यांच्या मनात एक गोष्ट आली. ती त्यांनी मनातच ठेवली आणि खाली बसले.

पुढचं त्यांच्या हातात राहिलं नाही. गाडीच्या भोंग्यावर, नेहमीच्या गाण्याच्या मधे, आठवडाभर घोषणा वाजली: “गुणवंतराव निकुरे सर यांच्या आदेशानुसार मारबत घंटागाडीतच टाकावी!” आदेश! ज्या माणसानं कधी घरच्या मांजरीला आदेश दिला नव्हता, त्याचं नाव गल्लोगल्ली आदेश देत फिरलं.

गावानं आदेश पाळला. पाळायला तो सोपा होता, शिवेपर्यंतची चाल वाचत होती. त्या सकाळी गाडी फांद्यांनी इतकी भरली की ती कचरागाडी न दिसता चालतं पळसाचं झाड दिसू लागली. पोरं मागे पळत होती, बाया ओरडत होत्या, “घेऊन जा गे मारबत!” आणि गाडी खरोखर घेऊन गेली. कुठं, तर कचरा निवडायच्या शेडवर. आणि ती शेड होती बोडीटोल्याच्या शिवेत. बोडीटोल्याची माणसं आपली इडापिडा तीन पिढ्यांच्या रिवाजानं फेकून नुकतीच परतत होती, तोच समोरून साडेचार हजार वस्तीची इडापिडा भोंगा वाजवत गावात शिरली.

त्या आठवड्यात बोडीटोल्यात सर्दी-खोकल्याची साथ आली. ती आमच्याकडे भादव्यात येतेच. पण दर वर्षी तिला गाडी नसते.

*

या वर्षी पोळा आठ दिवसांवर आला आणि निकेश सकाळीच ओट्यावर हजर झाला.

“सर, बोडीटोल्याच्या ग्रामसभेनं ठराव केला आहे. ‘मागील वर्षीच्या विषयाचा खुलासा होत नाही तोवर गाडी गावात येऊ देणार नाही.’ ठराव परवापासून लागू. शेडवरच्या बाया पण तिथल्याच. त्याही काम बंद करतील. गावाचा कचरा ठेवायचा कुठं?”

“कुठला विषय, लिहिलंय का?” गुणवंतरावांनी चष्मा पुसत विचारलं. चष्मा स्वच्छच होता.

“नाही. मला वाटतं मारबत. तुमची ती चिठ्ठी रद्द केली की झालं असेल.”

गुणवंतरावांना विषय ठाऊक होता. तो आतल्या खोलीत शब्दकोशात होता. पण माणसाला जे एक काम करायचं नसतं, त्यासाठी तो इतर दहा कामं आनंदानं करतो. ते म्हणाले, “चला, रद्द करून येऊ.”

नगरपंचायतीत कळलं की चिठ्ठी आता चिठ्ठी राहिलेली नाही. तिला जावक क्रमांक पडला होता आणि ती परिपत्रक झाली होती. बाबूंनी ती फाईलमधून काढून दाखवली. आपल्या अक्षराला एवढा मान मिळालेला पाहून गुणवंतरावांना क्षणभर बरं वाटलं.

“रद्द करायचं तर अर्ज लागते,” बाबू म्हणाले. “ज्याले त्रास झाला त्याचा.”

“त्रास बोडीटोल्याला झाला.”

“ते आपल्या हद्दीत नाई येत.”

“मग मी करतो.”

“तुमी तर आदेश देनारे. आपल्याच आदेशाविरुद्ध अर्ज केला तर सुनावनी लागंल, अन् दोन्ही बाजूनं तुमीच उभे राह्यसान.”

गुणवंतरावांनी स्वतःला दोन्ही बाजूंनी उभं राहिलेलं मनात पाहिलं. दोन्ही बाजू गप्पच होत्या. तेव्हा निकेशनं सुचवलं, मोबाईलवर तक्रार टाकू. तिथं विषय निवडायचे होते: नाली तुंबणे, मेलेले जनावर, मोकाट कुत्री, बंद दिवा, इतर. इडापिडा ‘इतर’मध्ये बसली. पुढं लिहून आलं, ‘तक्रारीच्या वस्तूचा फोटो जोडा.’

“इडापिडेचा फोटो?” गुणवंतराव म्हणाले.

निकेशनं बराच विचार केला आणि फाईलचा फोटो काढून जोडला. तासाभरात उत्तर आलं: ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे. सेवेस पाच तारे द्या.’

*

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. आमच्याकडे सल्ला द्यायला माणसाला विषय माहीत असावा लागत नाही, वेळ असावा लागतो.

गुणाबाई कुंपणावरून म्हणाल्या, “सर, मी सांगू? आठ दिवस कोनी कचराच करू नये. मी तर खाल्ल्याशिवाय राह्यतो म्हनलं तर राह्यतो.” हे सांगताना त्या शेंगा सोलत होत्या आणि टरफलं कुंपणाच्या अलीकडे, म्हणजे गुणवंतरावांच्या बाजूला, पडत होती.

एकानं सुचवलं, बोडीटोल्याला मोठा बोकड द्यावा. दुसरा म्हणाला, बोकड देण्यापेक्षा शेडच उचलून माजरीच्या कोळसा खाणीत न्यावी, तिथं खड्डे तयारच आहेत. झेरॉक्सवाला अजय मात्र मुद्द्याच्या जवळ आला. लटारूच्या पत्राची गोष्ट त्याला कुठूनशी कळली होती.

“सर, चिठ्ठीचा जवाब लिहायचा हाय ना? मोबाईलले सांगा. आता तो लिहून देते.” आणि अर्ध्या मिनिटात त्यानं छापील कागदच हातात ठेवला: ‘माननीय लटारूजी, आपल्या भावनांचा आम्ही मनःपूर्वक आदर करतो. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपले समाधान हेच आमचे ध्येय.’

गुणवंतरावांनी तो वाचला. पत्रात एकही चूक नव्हती आणि एकही माणूस नव्हता. अजयला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी “छान आहे, छान आहे” म्हणत कागद घरी आणला, नीट चौघडी घातली आणि निळ्या बादलीत ठेवला. नियम नऊ: कागद चुरगळू नये, सपाट द्यावा. गेल्या अकरा महिन्यांत लिहून टाकून दिलेलं प्रत्येक उत्तर त्यांनी असंच, सपाट, दिलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी ते सायकल काढून शेडवर गेले. स्वतःशी कारण असं सांगितलं की निदान बायांना तरी काम बंद करू नका म्हणून विनवावं. शेडच्या दारात सुकरीबाई उभी होती. वय साठीचं, हातात रबरी मोजे, आणि आवाज असा की घंटागाडीला भोंग्याची गरज पडू नये. बोडीटोल्याच्या बारा बायांची ती मुख्य.

“या सर, या. बारावी आनली का?”

“बारावी?”

“चिठ्ठी. दहा तुमच्या हातच्या अन् आज सकाळी ते छापील आली. अकरा झाल्या ना.”

गुणवंतरावांनी सायकलचा आधार घेतला. सायकल भिंतीला टेकलेली नसल्यामुळे दोघंही थोडे कलले.

सुकरीबाईची सून दिव्यानी आतून एक पिशवी घेऊन आली. पिशवीत कागद होते. चौघडी घातलेले, स्वच्छ, सपाट. साऱ्या गावात फक्त एकाच घराचा सुका कचरा असा येतो, ती कौतुकानं म्हणाली, म्हणून बाया तो आधी उघडतात. दुपारी डबे खाताना दिव्यानी मोठ्यानं वाचायची. बारावी पास होती ती.

“पैली चिठ्ठी पाच पानाची काऊन लिहिली, सर?” एका बाईनं विचारलं. “लटारूभाऊनं तर दोन ओळी मांगितल्या होत्या.”

“चौथीतला संस्कृत श्लोक आमाले नाई समजला,” दुसरी म्हणाली.

“सातवी मस्त होती!” दिव्यानीनं डोळे पुसले. “त्यात तुमी सारं निकेश साहेबावर ढकललं होतं. आमी लई हासलो. मंग आठवीत तुमीच म्हनलं का सातवी खोटी होती.”

“अन् नववी अर्धीच सोडली. आमी दुसऱ्या दिवशी वाट पाहून राह्यलो होतो, का पुढचं येते.”

गुणवंतरावांना वाटलं, आता जमीन दुभंगावी. तरुणपणी त्यांनी कविता लिहिल्या होत्या आणि त्या एखाद्यानं वाचाव्यात म्हणून तीस वर्षं वाट पाहिली होती. वाचक मिळाले ते आता. बारा जणी, नियमित, आणि मतं स्पष्ट असलेल्या. आणखी विचित्र म्हणजे त्यांची मतं बरोबर होती. नववी खरंच अर्धी सोडायला नको होती.

“लटारूला... वाचून दाखवल्या?” त्यांनी विचारलं.

सुकरीबाईनं मोजे काढले. “दाखवाले गेलो होतो. तो म्हनते, कचऱ्याच्या वाटेनं आलेलं मी आयकत नाई. फेकून देल्लेली चिठ्ठी म्हंजे जवाब नाई होय. पोष्टमननं हातात द्यावं, तवा खरं.”

“आणि ग्रामसभेचा ठराव?”

“तो त्याचाच होय. आमच्या पोरासोरालेबी माहीत हाय गाडी काऊन अडनार. तुमच्या साहेबालेच नाई माहीत.”

नगरपंचायत, परिपत्रक, पाच तारे, सगळं त्या एका वाक्यात निळ्या बादलीत गेलं. साडेचार हजार माणसांचा कचरा पन्नास पैशांच्या कार्डावर अडणार होता.

“पण मारबतीचं काय?” ते म्हणाले. “या वर्षी परत इथं आणली तर...”

“त्याचं काई कठीण नाई,” सुकरीबाई म्हणाली. “तुमी घरी बसून गाडीत टाकलं, ते चुकलं. आपली पिडा आपल्या पायानं शिवेपार न्या लागते. गाडी शिवेपार उभी करा, दोन्ही गावाच्या मधात. लोकायनं तिथंवर चालावं, वरडावं, गाडीत टाकावं अन् मागं न पाह्यता जावं. बारा वाजेपर्यंत गाडी हालवू नोका. बारा वाजले का मारबत गेली. मंग त्या नुसत्या फांद्या होत. फांद्या आमी रोजच कुजवतो.”

निकेशला फोन लावला. तो आनंदानं ओरडला आणि लगेच गंभीर झाला. “सर, दोन्ही गावांच्या मधली जागा झुडपी जंगलात येते, म्हणजे वनखात्याकडे. तिथं काडी हलवायची तर कागद दिल्लीपर्यंत जातो.”

गुणवंतरावांनी घसा साफ केला. “आपण काडी हलवत नाही, निकेश. आणतो आणि परत नेतो. आणि गाडी उभी राहणार रस्त्यावर. नियमावली, पान एकतीस: वाहन सार्वजनिक रस्त्यावर सहा तास थांबवता येते.”

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग निकेश आदरानं म्हणाला, “तसंच करतो, सर.”

निघताना त्यांना बांधावर लटारू दिसला. फावडं घेऊन धानातलं पाणी सोडत होता. त्यानंही पाहिलं. गुणवंतरावांनी हात वर करायचा विचार केला, आणि तो विचार पूर्ण होईपर्यंत लटारू खाली वाकून गवत उपटू लागला होता. त्या जागी गवत नव्हतं. उपटल्यासारखं करून तो तसाच वाकून राहिला, सायकल वळणाआड जाईपर्यंत.

*

घरी येऊन त्यांनी नवं पोस्टकार्ड पुढ्यात घेतलं. तासभर गेला. कार्डावर फक्त तारीख आली. मनकर्णाबाई शेजारी बसून दोडका चिरत होत्या, सालं हिरव्या बादलीत टाकत होत्या.

“अहो, त्यानं काय इचारलं?”

“मुद्दाम केलं का चुकून केलं.”

“मंग जे होय ते लिवा ना.”

“तीच तर अडचण आहे. दोन्ही नाही.”

विळी थांबली. मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं फार वेळा पाहिलं नव्हतं, कारण गुणवंतरावांच्या तोंडासमोर सहसा पुस्तक असे.

“तुमाले माहीत होतं,” त्या हळू म्हणाल्या. “शेड कोनाच्या शिवेत हाय, ते.”

गुणवंतरावांनी होकारार्थी मान हलवली. “चिठ्ठी लिहिताना आठवलं होतं. वाटलं, उठून सांगावं. पण एकदा उठलो होतो. सगळे माझ्याकडे बघत होते, गुणाबाई खोकून दाखवत होत्या. परत उठायची... म्हटलं, जाऊ दे, कुणाच्या तरी लक्षात येईल.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “तो शत्रुत्वानं केलं म्हणेल तर चालेल. चुकून झालं म्हणालो तर तो लगेच माफ करील. पण ते खोटं आहे. आणि खरं लिहिलं तर त्याला कळेल, आपण पन्नास वर्षं कसल्या भित्र्या माणसाकडे चहा प्यायलो.”

“बाप्पा!” मनकर्णाबाई म्हणाल्या. “ते काय त्याले आता कळनार हाय? शाळेत तुमच्या बदल्यात मार कोनं खाल्ला होता?”

त्यांनी पुन्हा दोडका चिरायला घेतला. विषय संपला होता. गुणवंतरावांनी लिहायला घेतलं आणि दहा मिनिटांत संपवलं. पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर निळी बादली फार लांब नव्हती.

“लटारू, मुद्दाम नाही. चुकूनही नाही. शेड तुमच्या शिवेत आहे हे मला ठाऊक होतं. सभेत पुन्हा उठून सांगायची हिंमत झाली नाही. भिलो. त्रास तुम्हाला झाला, चूक माझी आहे. मारबतीच्या सकाळी झुडपी जंगलापाशी मी फांदी घेऊन उभा राहीन. तू आलास तर बरं वाटेल. नाही आलास तरी मी तिथं असेन. गुणवंता.”

*

पोस्टमास्तरांनी हिशेब सांगितला: बोडीटोला तीन किलोमीटरवर असला तरी पत्र आधी मोठ्या पोस्टात जाणार, तिथं शिक्का खाणार, मग परत येऊन पोस्टमनच्या पिशवीत बसणार. चार दिवस. पेटी तीन वाजता उघडतात. आज पडलं तर पोळ्याच्या आधी पोचेल, उद्या पडलं तर मधे सुट्ट्या येतात, नक्की सांगता येत नाही.

तीनला दहा मिनिटं कमी होती. पेटी पोस्टाच्या बाहेर, कडुनिंबाखाली. गुणवंतराव तिथं पोचले तेव्हा निकेश आधीच उभा होता. अजय दुकान सोडून आला होता. गुणाबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या होत्या आणि रस्ता हाच असल्याचं सगळ्यांना सांगत होत्या. त्यांच्या घराचा रस्ता उलट दिशेला होता.

“सर, काय लिहिलं?” अजयनं विचारलं.

“दोन ओळी,” गुणवंतराव म्हणाले. प्रत्यक्षात आठ होत्या.

त्यांनी कार्ड पेटीच्या तोंडात घातलं. मनगटापर्यंत हात आत गेला आणि तिथंच थांबला. ‘भिलो’ हा शब्द बरोबर आहे का? ‘घाबरलो’ जास्त सभ्य दिसलं असतं. पोस्टमन वाचेल. मोठ्या पोस्टातले लोक वाचतील. पोस्टकार्ड म्हणजे शिक्का मारलेला चव्हाटा. पाकिटात घातलं असतं तर? त्यांनी हात थोडा मागे घेतला. पेटीची पत्र्याची झडप मनगटावर बसली.

“अडकला का?” निकेश पुढं सरसावला. “नगरपंचायतीचा वेल्डर बोलावू?”

“काई नोका बोलावू,” गुणाबाई म्हणाल्या. पिशवी खाली ठेवून त्या पेटीजवळ आल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “सर, माह्या घरचे गेले, तवा तुमी दाराशी आले होते. आठवते? अर्धा तास उभे राह्यले अन् एक शब्द न बोलता चालले गेले. मले समजलं होतं तुमाले काय म्हनायचं होतं. पन मी आजवर वाट पाह्यली का तुमी म्हनान.”

गुणवंतरावांना ते आठवलं. उंबरठा आठवला, आणि तयार केलेलं वाक्यही.

“वाईट झालं, गुणाबाई,” ते म्हणाले. “फार भला माणूस होता तो.”

गुणाबाईंनी नाक ओढलं आणि पदर नीट केला. “झालं ना? लागला का येळ? सोडा आता ते कार्ड. तीन वाजून राह्यले.”

आतून पोस्टमास्तर किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर येत होते. गुणवंतरावांनी डोळे मिटले आणि पेटीच्या आतल्या अंधारात बोटं उघडली.